पंजाने मोजलेले डाग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते शाळेत मला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे. आईवडिलांचे नाहीत असं नाही. पण त्यांनी मला जे दिलं ते माझ्या दोन्ही भावांनाही दिलं, आणि भाऊ आजही छातीइतक्या पाण्यात उतरून शिंगाडे तोडतात. मी पाण्याबाहेर आलो तो बाईंमुळे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती पायरी कुठे असते हेही घरात कोणाला माहीत नव्हतं. बाई रामटेकहून एसटीने माझ्यासोबत नागपूरला आल्या, प्रवेशाच्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि खिडकीतल्या कारकुनाने "एक कागद कमी आहे, उद्या या" म्हटल्यावर त्याला म्हणाल्या, "उद्या तुमच्याजवळ आहे साहेब. याच्याजवळ आजचाच दिवस आहे. उद्या हा तलावात राहील." कारकुनाने कागद घेतले.

बाईंना कोड होतं. हातांवर, गळ्यावर, पाठीवर, पायांच्या नळ्यांवर पांढरे डाग. रामटेकात त्यांचा किराणा दुकानदार सामानाची पिशवी त्यांच्या हातात देत नसे, ओट्यावर ठेवी आणि दुसरीकडे बघे. माझे वडील कधीमधी बाईंकडे मासोळी पोचवायचे. त्यावरून गावातल्या शहाण्यांनी निदान करून टाकलं होतं: बाई मासोळी खातात आणि वरून दूध पितात, म्हणून कोड निघालं. हे निदान करणाऱ्यांत एक निवृत्त तलाठी होता आणि एका वकिलाची बायको होती. अडाणी माणूस त्यांत एकही नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अंधश्रद्धा ही अडाण्यांचीच मालमत्ता आहे असं समजणाऱ्या लोकांत मी पुढे सहा वर्षं नोकरी केली.

बाईंच्या घरी नवस, गंडा, उतारा हे सगळं आजोबांच्या काळात, छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच, बंद झालं होतं. त्या असल्या बोलण्याने चिडत नसत. एकदा आठवीच्या वर्गात त्यांनी विचारलं, "मासोळी खाऊन दूध पेणारे किती हायेत? हात वर करा." आम्ही ढिवरांची, मासोळी धरणाऱ्यांची, सगळी पोरं हात वर करून बसलो.

"आता तुमच्यापैकी कोड किती जणाले आहे?"

कोणालाच नव्हतं. पोरं हसायला लागली. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "मंग तलाठी लबाड आहे, बाई!"

"थांब गा," बाई म्हणाल्या. "लबाड आहे हे आत्ताच नोको लिहू. तुम्ही चौदा पोरं आहा. चौदावरून काही सिद्ध होत नाही. तलाठ्याजवळ तर चौदाही नाहीत, एवढंच आज आपल्याले माहीत झालं."

इतक्या सरळपणे विचार करणारा माणूस मला नागपुरात भेटायला हवा होता. भेटला नाही.

बी.एस्सी. झाल्यावर मी वैद्यकीय संशोधनाचा एक वर्षाचा डिप्लोमा केला आणि प्रताप नगरातल्या एका खाजगी त्वचारोग दवाखान्यात संशोधन समन्वयक म्हणून लागलो. दवाखान्याच्या मालकांना सगळे 'सर' म्हणत. मी लागण्याआधी दारावरच्या पाटीवर 'त्वचा, केस, सौंदर्य' असं होतं. मी लागलो त्या आठवड्यात त्याखाली 'व संशोधन केंद्र' अशी ओळ चढली. म्हणजे ते केंद्र मीच होतो. मला बसायला जी खोली मिळाली तिथे आधी लेझर मशीनची रिकामी खोकी ठेवत. खोकी तशीच राहिली, फक्त भिंतीकडे सरकली.

सरांना संशोधनाचं भारी वेड होतं असं लोक म्हणतात. मी जवळून पाहिलं आहे. त्यांना संशोधनाच्या फोटोचं वेड होतं. पांढरा कोट, मागे पडदा, पडद्यावर आलेख, हातात माइक. कोड का होतं, अंगातल्या रंग तयार करणाऱ्या पेशींचं काम अंगच का बंद पाडतं, एकाला हातावर आणि एकाला ओठांवर का, असले प्रश्न मी पहिल्या महिन्यात त्यांना विचारले. उत्साह होता, नवा होतो. सर म्हणाले, "हे सगळं मोठ्या संस्थांवर सोड. आपण उपचार देतो. कारण शोधत बसलास तर पेशंट म्हातारा होईल." मग स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन त्यांनी ते पुढच्या तीन भाषणांत वापरलं.

त्यांनी वनस्पतींचं एक मलम तयार केलं होतं. एक लहान कंपनी ते बनवून विकणार होती आणि त्याआधी ते कोडावर चालतं असं दाखवणारा अभ्यास हवा होता. शोधायचा नव्हता, हवा होता. सहा महिने पेशंटने दिवसातून दोनदा मलम लावायचं, दर महिन्याला येऊन डाग मोजून घ्यायचे आणि या काळात दुसरा कुठलाही उपचार करायचा नाही. तुलना करायला दुसरा गट नव्हता. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "मलम इतकं चांगलं आहे की अर्ध्या लोकांना त्यापासून वंचित ठेवणं मला नैतिक वाटत नाही." अजून एका पेशंटवरही ते चालल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. नीती मात्र तयार होती.

कंपनीकडून महिन्यातून एकदा एक माणूस कागद तपासायला यायचा. अत्यंत काटेकोर माणूस. सही निळ्या शाईत आहे का, खोडलेल्या शब्दाशेजारी आद्याक्षरं आहेत का, सगळं बघायचा. एकदा त्याच्यासमोर एक पेशंट शर्ट काढून, पाठीवरचे डाग दाखवत बसला होता. हा माणूस त्याच पेशंटच्या फाइलमधल्या तारखेत पाच आहे की सहा, हे मोबाइलचा टॉर्च लावून बघत होता. अर्धा तास बघितलं. पाठीकडे एकदाही नाही. जाताना माझी पाठ थोपटून म्हणाला, "सुंदर काम आहे तुमचं. एकदम क्लीन." मला तेव्हा अभिमान वाटला होता. वाटला होता हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

आता मोजण्याबद्दल. कोडाचे डाग पंजाने मोजतात. बोटं एकमेकांना जुळवून हाताचा सपाट पंजा धरला तर तो माणसाच्या अंगाचा साधारण शंभरावा भाग भरतो. पाठीवर दोन पंजे डाग, पायावर अर्धा पंजा, असं मोजत जायचं आणि बेरीज लिहायची. साधी, स्वस्त, बिनयंत्राची रीत आहे. सरांनी हे काम एका तरुण डॉक्टर मॅडमकडे दिलं होतं आणि मॅडमने पहिल्या दिवशी मला ते दाखवलं. त्यांनी हातमोजा घातला, पेशंटच्या पाठीवर आपला हात दोन बोटं अंतर ठेवून तरंगत धरला, आणि म्हणाल्या, "एक... दोन... आणि हा अर्धा. लिहा."

हात टेकवला नाही. त्या तिथे होत्या तोवर त्यांनी कोणाच्याच डागाला हात टेकवलेला मी पाहिला नाही. शिकलेली बाई, त्वचेच्या रोगावर पदवी घेतलेली, कोड स्पर्शाने पसरत नाही हे परीक्षेत लिहून पास झालेली. रामटेकचा किराणा दुकानदार निदान तोंड फिरवायचा तरी. ह्या हसत हसत तरंगत्या हाताने मोजायच्या आणि पेशंट गेला की हातमोजा काढून वर पुन्हा साबणाने हात धुवायच्या.

पहिल्या दोन महिन्यांची मोजणी त्यांनी केली. मग त्यांना पुण्यात पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली आणि त्या गेल्या. सर म्हणाले, "मोजायला डॉक्टर कशाला हवा? तू बघितलं आहेस ना, तू मोज." मी बघितलं होतं. मी मोजू लागलो. मी हातमोजा घालत नसे आणि हात टेकवत असे. त्यामुळे आपण मॅडमपेक्षा चांगलं काम करतो असा माझा समज होता.

याच अभ्यासात मी बाईंना घेतलं.

बाई तेव्हा सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा प्रकाशाचा उपचार घेत होत्या. दिव्यांच्या उभ्या पेटीत ठरावीक सेकंद उभं राहायचं असतं. रामटेकहून पहाटेची एसटी, रांग, काही सेकंदांचा उजेड, आणि परत. वर्षभर चाललं होतं आणि दंडावरच्या डागांत तपकिरी ठिपके उमटायला लागले होते. डागातल्या केसांच्या मुळाशी रंग परत येतो तेव्हा असे ठिपके दिसतात. हळू होतं, पण होतं. मी बाईंना म्हणालो, "बाई, एवढी दगदग कशाला? आमच्या सरांचं मलम आहे. घरी बसून लावायचं." मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काहीतरी देऊ शकतो.

बाई आल्या. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. शिक्षिका आहेत कळल्यावर सरांचा आवाजच बदलला. बाईंनी माहितीपत्र सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "दुसऱ्या गटाले काय देता?"

"दुसरा गट नाहीये, मॅडम. वंचित कोणालाच ठेवायचं नाही."

"मग फरक पडला तर तो मलमानं पडला का उन्हाळ्यानं, हे कसं समजंल?"

सर मोठ्याने हसले. "तुमचे विद्यार्थी तुम्हाला घाबरत असतील!"

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गा, तुले बरोबर वाटते काय हे?"

मी म्हणालो, "हो बाई."

त्यांनी सही केली. सरांवर विश्वास ठेवून नव्हे. प्रकाशाचा उपचार त्या आठवड्यातच बंद झाला, तसा नियमच होता.

तिसऱ्या महिन्यापासून आकडे उतरायला लागले. जवळजवळ प्रत्येक पेशंटचे. पाचाचे साडेतीन, तिनाचे दोन. मी तक्ता घेऊन सरांकडे गेलो तेव्हा ते खुर्चीतून उठले. त्यांनी मला मिठी मारली. हल्दीराम की दुसरा कोणता हे आठवत नाही, पण पेढ्यांचा बॉक्स आला. स्वागतिकेपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांना पेढे. मावशी मला हळूच म्हणाली, "काय झालं गा, कोणाले पोरगं झालं?" त्यानंतर मात्र आकडे तिथेच थांबले. चौथ्या, पाचव्या महिन्यात पुढे उतरले नाहीत. सर म्हणाले, "टिकाऊ परिणाम! सस्टेन्ड इफेक्ट!" म्हणजे उतरलं तरी मलम, थांबलं तरी मलम.

बाईंचाही आकडा उतरला होता. मी सांगितलं तेव्हा त्यांनी आपले दोन्ही हात उजेडात धरले, उलटसुलट करून बघितले. "हातावर तर तेवढंच दिसून राहिलं मले."

"पाठीवर आणि पायांवर कमी झालंय, बाई. बेरीज कमी आहे."

"हो काय?" त्यांनी हात मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "डोळ्याचं काही खरं नसते. आपण जे पाहाले मांगतो तेच डोळा दाखवते. माप बरं." आणि त्या हसल्या. चाळीस वर्षं डाग उघडे ठेवून फिरलेली बाई, पूर्ण बाहीचा ब्लाउज कधी न शिवलेली, त्या दिवशी माझ्यासमोर लहान पोरीसारखी हसली. माझ्या मापावर.

आता इतवारीच्या बाजारातल्या एका पेशंटबद्दल. ठोक कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलण्याचं आणि कापड फाडण्याचं काम करणारा, पन्नाशीचा, तोंडाळ. त्याचं शेवटचं मोजमाप होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून मोजत होतो आणि तो मान वळवून आरशात बघत होता.

"किती भरलं, भाऊ?"

"साडेतीन. पहिल्यांदा पाच होतं. चांगलं कमी झालंय तुमचं."

"घंटा कमी झालं."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"अहो, माही बायको रोज पाठीले मलम लावून देते. तिले काय दिसत नाही काय? ते म्हणते, इंचभर हटलं नाही." त्याने मागे हात घालून माझं मनगट पकडलं आणि माझा पंजा स्वतःच्या डोळ्यांसमोर आणला. "हे पहा. हा हात आहे का फावडं? पहिले मोजे ते पोरगी. तिचा हात एवढासा, चिमणीचा. तिच्या हातानं पाच भरला. तुमच्या फावड्यानं साडेतीन. डाग कमी नाही होऊन राहिला, भाऊ. हात वाढून राहिला."

 तो खूश झाला होता, थांबायला तयार नव्हता. "आमच्या इतवारीत गज बदलून कापड मोजलं ना, तर गिऱ्हाईक पायातला जोडा हातात घेते. अन् तुम्ही डॉक्टर लोक पेढे वाटून राहिले! मलेही देल्ला होता बाहेरच्या पोरीनं. चांगला होता, पिस्त्याचा."

तो गेल्यावर मी अभ्यासाचा आराखडा काढला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वाचला होता, किंवा वाचला असं कागदावर लिहून सही केली होती. मोजणीच्या प्रकरणात साफ लिहिलं होतं: पंजा पेशंटचा स्वतःचा. हे बरोबरच आहे. शंभरावा भाग हा ज्याचं अंग त्याच्याच हाताचा असतो. पहिलवानाचा हात लहान पोराच्या अंगावर ठेवून हिशेब लागत नाही. हे आठवीतल्या पोरालाही कळेल. पण मॅडमला पेशंटचा हात आपल्या हातात घ्यायचा नव्हता. पेशंटचा हात घेऊन त्याच्याच डागावर ठेवायचा म्हणजे दोनदा स्पर्श. त्यापेक्षा आपला हात हवेत धरणं सोयीचं. आणि मी, बाईंच्या हाताखाली शिकलेला मी, डॉक्टरने दाखवलं ते पाहिलं आणि तसंच केलं.

त्या आठवड्यात चार पेशंट शेवटच्या भेटीला येणार होते. मी कागदावर त्यांच्या पंजाची आकृती आखून घेतली, कापली, आणि त्याने मोजलं. मग मॅडमच्या जुन्या हातमोजांच्या डब्यातला त्यांच्या मापाचा मोजा आखला, त्याने मोजलं. मग माझ्या हाताने. मॅडमच्या मापाने चौघांचे डाग पहिल्या दिवशी होते जवळपास तेवढेच भरले. सहा महिन्यांच्या मलमाचा सगळा चमत्कार म्हणजे माझ्या भावांसारखाच असलेला माझा रुंद पंजा होता.

मी कागदाचे पंजे घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी ते हातात घेतले, पत्त्यांसारखे पसरले. "हे काय, क्राफ्ट?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, हे खरं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर एका क्षणात सगळं समजल्याचं दिसलं, हेही खरं आहे. ते मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर मला त्यांच्याबद्दल एवढी घृणा वाटली नसती.

"बस," ते म्हणाले. "पंजा हा अंदाजच असतो. सगळ्या जगात अंदाजच असतो."

"सर, पण दोन वेगळे अंदाज..."

"कंपनीने फाइल तपासली. काय म्हणाले? क्लीन. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीला अहवाल गेला. रविवारी मलमाचे निकाल जाहीर करायचा कार्यक्रम आहे, हॉल बुक आहे, पाहुणे येतायत. आता तू मला सांगतोस की तुझा हात मोठा आहे?" ते हसले. "हे मी स्टेजवर सांगू?"

"पेशंटना सांगायला पाहिजे, सर."

"काय सांगशील? की तुम्ही बरे झाला नाहीत? अरे, ते आनंदात आहेत. तुझ्या त्या मॅडम, टीचर, त्यांचा चेहरा पाहिलास ना तू? तो आनंद कुठल्या पंजाने मोजणार आहेस?" मग आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात, "तुला शिंगाड्याच्या चिखलातून काढून मी एसीत बसवलं. कोणी बसवलं असतं? जरा विचार कर. रविवारी तुझ्या मॅडम पाच मिनिटं बोलणार आहेत. विज्ञान शिक्षिका, स्वतः पेशंट. त्यांच्यासारखा साक्षीदार पैसे देऊन मिळत नाही."

मला चिखलातून कोणी काढलं हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत करून देण्याची माझी इच्छाही नव्हती. मी एवढंच विचारलं, "बाई बोलणार आहेत?"

"मीच फोन केला. लगेच हो म्हणाल्या."

ज्या बाईंनी पोरांना सांगितलं होतं की चौदावरून काही सिद्ध होत नाही, त्या रविवारी दोनशे लोकांसमोर उभ्या राहून स्वतःच्या तोंडाने सांगणार होत्या की मी मोजून बरी झाले. त्यांच्या शब्दाला रामटेकात वजन होतं. कोड असलेली माणसं लपून त्यांच्याकडे यायची, विचारायची, "बाई, काय करू?" ती सगळी मलम घ्यायला निघाली असती. आणि एक ना एक दिवस बाईंना कळलंच असतं. कोड त्यांनी चाळीस वर्षं सहन केलं होतं. आपण खोटं बोललो हे त्या एक दिवस सहन करू शकल्या नसत्या.

मी त्याच संध्याकाळी फोन केला. बाई म्हणाल्या, "बरं झालं केला. ऐक, भाषण लिहिलं आहे. कुठं चुकलं तर सांग." आणि त्या वाचायला लागल्या. पहिलं वाक्य माझ्याबद्दल होतं. माझा विद्यार्थी, त्याने स्वतः मोजलं, म्हणून मी विश्वासाने सांगते. मी म्हणालो, "बाई, आवाज तुटून राहिला," आणि फोन ठेवला. मॅडमबद्दल, सरांबद्दल, त्या निळ्या शाईच्या माणसाबद्दल इतका वेळ लिहिलं. त्या रांगेत माझी जागा कुठे आहे हे मला त्या वेळी कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पत्र लिहिलं आणि रामटेकच्या बसने जाणाऱ्या आमच्या गावच्या माणसाच्या हातात दिलं. बाईंच्या हातातच द्यायचं, ओट्यावर ठेवायचं नाही, असं त्याला दोनदा बजावलं.

बाई,

जयभीम.

काल फोनवर मी खोटं बोललो. आवाज नीट येत होता. मला पुढचं ऐकवलं नाही.

तुमचे डाग कमी झाल्याचं मी सांगितलं ते चूक आहे. पहिल्या दोन वेळा डॉक्टर मॅडमने त्यांच्या हाताने मोजलं आणि नंतर मी माझ्या. माझा हात मोठा आहे, म्हणून आकडा लहान आला. मोजायला पाहिजे होतं तुमच्या स्वतःच्या हाताने. चार पेशंटचं मी पुन्हा मोजून पाहिलं, फरक नाही. तुमचं पुन्हा मोजलेलं नाही, त्यामुळे तुमच्याबद्दल खात्रीने एवढंच सांगू शकतो की कमी झाल्याचा कोणताही पुरावा माझ्याजवळ नाही. मोजणीचे कागद सोबत जोडले आहेत. तुम्हीच तपासून पाहा.

आणखी एक. शेवटच्या भेटीत तुमच्या ओठाच्या डाव्या कडेला मला नवा डाग दिसला होता. आमच्या फॉर्ममध्ये फक्त ठरवलेल्या डागांचे रकाने आहेत, नव्या डागाचा नाही. म्हणून मी तो लिहिला नाही आणि तुम्हाला बोललोही नाही. तुम्हाला आरशात दिसला असेलच. तुम्ही विचारलं नाही, ते मापावर विश्वास ठेवून, असं मला वाटतं.

सरकारी दवाखान्यात मी आज जाऊन आलो. प्रकाशाचा उपचार पुन्हा सुरू करता येतो. जुना केसपेपर चालेल. पण मध्ये सहा महिने खंड पडल्यामुळे कमी सेकंदांपासून परत सुरुवात करावी लागेल. दंडावरचे ठिपके टिकले असतील की नाही हे तिथले डॉक्टर बघून सांगतील. हे सहा महिने माझ्या 'हो बाई'वर गेले. ते मला परत करता येत नाहीत.

रविवारी यायचं की नाही, आणि आलात तर काय बोलायचं, हे मी सांगणार नाही. अभ्यासाच्या समितीला मी लेखी कळवलं आहे, त्याची प्रतही जोडली आहे. उत्तर आलेलं नाही. सरांना ते कळलं आहे. नोकरी आजच्या तारखेला आहे, उद्याचं माहीत नाही. मी स्वतःहून सोडलेली नाही, कारण फाइली माझ्या खोलीत आहेत आणि मी गेलो तर त्या कोणाच्या खोलीत जातील हे मला माहीत नाही.

मलम लावणं आजच बंद करा. उरलेल्या ट्यूब मात्र फेकू नका, पत्र आणणाऱ्याजवळ परत पाठवा. त्या मोजून जमा करायचा नियम आहे, आणि या अभ्यासातला निदान एक नियम तरी मला पाळायचा आहे.

तुमचा विद्यार्थी